नुसता चहा

विल्फ कार्टलिजला माती देऊन मंडळी घरी परतली, तेव्हा पुढच्या खोलीत टेबलावर हॅम मांडून तयार होतं. चांगलं जाड कापलेलं, कडेला पांढरी चरबी असलेलं. रेशनच्या दिवसांत एवढं हॅम सरळ मार्गाने मिळत नाही हे प्रत्येकाला ठाऊक होतं, आणि विचारायला कुणी जाणार नव्हतं. टन्स्टलसारख्या कुंभारांच्या गावात माणूस जगला कसा हे लोक विसरून जातात, पण त्याच्या मयताच्या चहाला हॅम होतं की डब्यातली मासळी, हे तीन पिढ्या सांगत राहतात. विल्फचा थोरला भाऊ लेन त्यासाठी खाटकाच्या मागच्या दाराने जाऊन आला होता. बाकी काही म्हणा, भावाच्या मयताला त्याने हात आखडता घेतला नाही.

एनिडने अंगावरचा काळा कोट अजून काढला नव्हता. नवरा जाऊन आठवडा झाला होता, आणि त्या आठवड्यात कुणी ना कुणी तिच्या हातात चहाचा कप देत आलं होतं. शेजारणी, चॅपलचे पाद्री, कारखान्यातल्या बायका, सगळे म्हणायचे, घे, बरं वाटेल. ती प्यायची. बरं वाटत नव्हतं. पण दुसरं काय द्यायचं हे लोकांना माहीत नव्हतं, आणि दुसरं काय मागायचं हे तिला.

स्वयंपाकघरात तिची नणंद ऑलिव्ह पावाला लोणी लावत होती. लावत कसली, घासत होती. ऑलिव्हने लग्न केलं नव्हतं. बापाच्या कारखान्यात ती वीस वर्षं राबली होती, आणि बाप गेल्यावर किल्ल्या मात्र लेनच्या खिशात गेल्या होत्या. ते तिच्या सुरीलासुद्धा ठाऊक होतं.

"मिसेस शेरट असत्या तर एव्हाना चार पाव कापून झाले असते," ती म्हणाली. "मला आठवतंय तेव्हापासून या घरातल्या प्रत्येक मयताला तीच बाई पाव कापते. आज तिला आत पाऊल टाकायची बंदी. आमच्या लेनसाहेबांचा हुकूम."

"ऑलिव्ह, मला तुझ्याशी बोलायचंय."

"मग बोल की. माझे हात गुंतलेत, कान नाहीत."

एनिडने दार लोटलं. पुढच्या खोलीतून खुर्च्या सरकल्याचे आवाज येत होते.

"मॅव्हिसने विचारलं होतं," ती म्हणाली.

ऑलिव्हची सुरी थांबली.

कार्टलिज घराणं तीन पिढ्या तपकिरी चहादाण्या घडवत आलं. त्या दिवशी विल्फ भट्टीत शिडीवर होता. भाजलेल्या मालाची मातीची पेटी डोक्यावर घेऊन उतरताना त्याचा पाय सटकला. खाली पडला तो मांडीचं हाड मोडून. अँब्युलन्सला वेळ होता, बाहेर पाऊस झोडपत होता, म्हणून चौघांनी त्याला फळीवर घालून शेजारच्या गल्लीतून इथे, आईच्या स्वयंपाकघरात आणलं होतं. तिथून पुढे इस्पितळ. डॉक्टरांनी लगेच भूल देऊन पाय बसवायला घेतला. भुलीतच त्याला उलटी झाली, ती फुप्फुसात गेली, आणि दुसऱ्या दिवशी उजाडताना विल्फ गेला. तरुण डॉक्टर लेनला म्हणाला, त्याच्या पोटात बरंच काही होतं, आम्हाला कळलं असतं तर आम्ही थांबलो असतो. आम्हाला तर पोट रिकामं आहे असं सांगितलं होतं. लेनने एनिडला विचारलं, तुला कुणी काही विचारलं होतं का? एनिडला त्या घटकेला कुणी तिचं नाव विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं. मला आठवत नाही, असं ती म्हणाली.

तेवढं लेनला पुरलं. इस्पितळाच्या दारात त्या दिवशी शेजारच्या शेरटबाईंची मॅव्हिस होती. नुकतीच शिकून नर्स झालेली पोर. लेनने तिचं नाव पुढे केलं. तिने न विचारताच वर कळवून टाकलं, असं तो म्हणाला. मी विचारलं होतं, असं मॅव्हिस म्हणत राहिली. पण विधवेच्या शब्दापुढे तिचं कोण ऐकणार? मुख्य नर्सने, मेट्रनने, तिला घरी बसवलं. उद्या सकाळी टाउन हॉलमध्ये कॉरोनरपुढे विल्फच्या मृत्यूची चौकशी होती, आणि त्यानंतर मॅव्हिसच्या अंगावर तो पांढरा पोशाख पुन्हा चढेल असं गल्लीत कुणालाच वाटत नव्हतं.

"तिने मला खांद्याला धरून विचारलं," एनिड म्हणाली. "एनिड, त्याने काही खाल्लंप्यायलंय का? मी म्हटलं, सकाळच्या न्याहारीपासून काही नाही. मला दोन दिवसांनी आठवलं. तोवर लेन सगळीकडे बोलून बसला होता."

"आणि तू गप्प बसलीस."

"आता नाही बसणार. आज सगळे असताना सांगणार आहे."

ऑलिव्हने सुरी खाली ठेवली आणि ॲप्रनला हात पुसले. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण तोंडावर कित्येक दिवसांनी जीव आला होता. "सांग. मी आहे तुझ्या बाजूने. त्याला एकदा तरी कुणीतरी तोंडावर म्हणायला हवं, की लेन, तू चुकलास. आणि त्या पोरीने काय घोडं मारलंय आपलं?"

"आई काय म्हणतील?"

"आई काय म्हणायची? खरं तेच म्हणेल. चॅपलात पहिल्या बाकावर बसते ती."

एनिडला बरं वाटलं. आठवड्यात पहिल्यांदा वाटलं, तेही चहाशिवाय.

पुढच्या खोलीत पडदे अजून ओढलेले होते. टेबलाच्या टोकाशी सासूबाई, सेलिना कार्टलिज, मोठी चहादाणी पुढ्यात घेऊन बसल्या होत्या. वय सत्तरीला टेकलेलं, पण पाठ सरळ. चहादाणी त्यांच्या सासऱ्यांनी घडवलेली, दोन हातांनी उचलावी लागणारी. या घरात ती दुसऱ्या कुणी उचललेली एनिडने पाहिली नव्हती. आधी दूध, मग चहा, मग नजरेनेच विचारणं, साखर? आज मुलाला खड्ड्यात ठेवून आल्यावरही त्यांचा हात हलला नाही, बशीत थेंब सांडला नाही. त्यांना रडताना कुणी पाहिलं नव्हतं. त्या चहा ओतत होत्या, आणि ज्यांना कळायचं त्यांना कळत होतं.

घरात दारूचा थेंब कधी आला नव्हता. चॅपलची माणसं; लग्नातही चहा, मयतातही चहा, आणि कुणी पडलं, भाजलं, घाबरलं तर कडक गोड चहा.

विल्फचे चुलते एनॉक कोपऱ्यात हॅमचा तिसरा तुकडा खात होते. "हॅम फक्कड आहे सेलिना," ते म्हणाले. "विल्फ असता तर म्हणाला असता, काका, माझ्यासाठी ठेवा थोडं."

"तुम्ही ठेवलं नसतं," सासूबाई म्हणाल्या.

दोघंचौघं हसले, आणि मग हसल्याबद्दल खाली बघत राहिले. पाद्रीबाबांनी घसा साफ केला. अशा वेळी काहीतरी म्हणणं हे त्यांचं कामच होतं. विल्फला फार सोसावं लागलं नाही ही देवाची कृपा, असं काहीसं ते पुटपुटले.

सासूबाईंनी चहादाणी खाली ठेवली.

"सोसलं त्याने," त्या म्हणाल्या. "पण एक सांगते तुम्हाला. माझा विल्फ या घरातून कोरड्या तोंडाने गेला नाही. तिथे, त्या फळीवर होता, दात वाजत होते त्याचे. मी माझ्या हाताने त्याला चहा पाजला. दोन मग. आठवड्याची सगळी साखर त्यात घातली. इस्पितळवाल्यांनी काय केलं ते केलं, पण माझ्या हातचं ऊन ऊन पोटात घेऊन गेला पोरगा. तेवढ्यावर मी उभी आहे."

"आईच्या हातचा चहा," पाद्रीबाबा म्हणाले. सगळ्यांनी माना हलवल्या. लेनने हलवली. ऑलिव्हने डोळे टिपले.

एनिडने मात्र मान हलवली नाही. तिने हातातला कप टेबलावर ठेवला.

दोन मग. ती तिथेच होती. विल्फच्या पायातला बूट कात्रीने कापत होती. सासूबाईंनी त्याची मान दंडावर घेतली होती, वाफ येत होती, त्याच्या हनुवटीवरून ओघळलेला चहा त्यांनी ॲप्रनच्या टोकाने पुसला होता. लेनने दार धरलं होतं. ऑलिव्ह पांघरूण घेऊन जिन्यात उभी होती. सगळ्यांनी पाहिलं होतं. आणि मग अर्ध्या तासाने मॅव्हिसने विचारलं, काही खाल्लंप्यायलंय का, तेव्हा एनिड शपथेवर सांगितल्यासारखं म्हणाली होती, न्याहारीपासून काही नाही. ती खोटं बोलली नव्हती. चहा म्हणजे काही खाणंपिणं असतं हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. कुणाच्या येतं? दिवसभर घेतलेला श्वास कोण मोजतो?

आता सांगायचं ते काय सांगायचं? मॅव्हिसने विचारलं होतं, एवढं सांगून भागणार नव्हतं. लगेच कुणीतरी म्हणेल, मग पोटात होतं काय? आणि त्या प्रश्नाचं उत्तर टेबलाच्या टोकाशी बसलं होतं, चहादाणीवर दोन्ही हात ठेवून.

पाहुणे हळूहळू पांगले. प्रत्येकाने जाताना एनिडचा हात दाबला आणि हॅम चांगलं होतं असं लेनला सांगितलं. एनिडची चार वर्षांची सुझन वर झोपली होती. खाली उरली घरची पाच माणसं. लेनने दार लावलं, जाकीट काढून खुर्चीला अडकवलं, आणि एनिडसमोर येऊन बसला. लेन वाईट माणूस नव्हता. भावाचं प्रेत इस्पितळातून त्यानेच आणलं होतं, आणि तेव्हापासून त्याला कुणाचा तरी गळा धरायचा होता, एवढंच.

"उद्याचं एकदा बोलून घेऊ," तो म्हणाला. "कॉरोनर विचारेल, नर्सने तुम्हाला काही विचारलं का? तू काय म्हणशील?"

एनिडने समोरची बशी बाजूला सारली.

"नाही म्हणायचं. एवढंच. लांबण लावायची नाही. नाही साहेब."

ऑलिव्हने एनिडकडे पाहिलं. मग भुवया उंचावल्या. मग टेबलाखालून तिच्या पायाला पाय लावला. एनिडने पाय मागे घेतला.

"एनिड," ऑलिव्ह म्हणाली, "तुला काहीतरी सांगायचं होतं ना?"

"नाही."

"नाही म्हणजे? मघाशी तर तू..."

"राहू दे, ऑलिव्ह. मी दमलेय."

ऑलिव्हचा चेहरा लाल झाला. तिला जन्मभर लोकांनी असंच मध्येच सोडून दिलं होतं, आणि हे आणखी एक. "दमलीस? त्या पोरीचं आयुष्य उद्या मातीला मिळणार आणि तू दमलीस? ठीक आहे. मग मी सांगते. लेन, मॅव्हिसने विचारलं होतं. एनिडने मघाशी मला स्वयंपाकघरात स्वतःच्या तोंडाने सांगितलंय."

एनॉककाकांनी चावणं थांबवलं.

"खरं आहे?" लेनने विचारलं.

एनिडने होकाराची मान हलवली.

"आणि तू काय सांगितलंस तिला?"

"न्याहारीपासून काही नाही, असं."

ऑलिव्ह मागे टेकली. आता लेन चडफडेल, अशी तिची अपेक्षा होती. पण लेन विचार करत होता, आणि त्याचा विचार कुठल्या वाटेने चाललाय ते एनिडला दिसायला लागलं.

"म्हणजे सकाळी सहानंतर त्याच्या पोटात काही नव्हतं," लेन सावकाश म्हणाला. "न्याहारी काय, दोन ओटची धिरडी. भट्टीवर काम करणाऱ्या माणसाची ती तासाभरात जिरतात. बरोबर? आणि डॉक्टर म्हणतो पोट भरलेलं होतं. मग ते भरलं कुठे?" त्याने टेबलावर बोट आपटलं. "तिथे भरलं. इस्पितळात. तिनेच दिलं त्याला काहीतरी. आपल्या गल्लीतला विल्फ, ओळखीचा, पाणी मागत असेल, दिलं असेल तिने मायेने. आणि आता अंगाशी आलं म्हणून मी विचारलं होतं, मी विचारलं होतं असं घोकतेय."

"लेन, मला असं म्हणायचं नव्हतं," ऑलिव्ह म्हणाली.

"तू म्हण, नाहीतर नको म्हणू. हिशेब सरळ आहे. आधी मला वाटत होतं हलगर्जी केली पोरीने. हे तर त्याच्यापेक्षा वाईट आहे. तिने मारलं त्याला."

"पोरगी कधीच धड नव्हती," एनॉककाका म्हणाले. आठवड्यापूर्वीपर्यंत ते मॅव्हिसला पाहिलं की टोपी काढत असत.

"एनिड, उद्या तू हे असंच सांगायचंस," लेन म्हणाला. "तिने विचारलं, मी काही नाही म्हटलं, आणि ते खरं होतं. बस्स. तिला तुरुंग नाही दाखवला तर नावाचा लेन नाही."

एनिडने सासूबाईंकडे पाहिलं. त्या गार झालेल्या कपांतला चहा एका वाडग्यात ओतत होत्या, एकेक करून. त्यांचं लक्ष होतं की नाही कळत नव्हतं. एनिडला वाटलं, गप्प बसावं. म्हातारीला काय, चार-पाच वर्षं उरलीत. मॅव्हिस तरुण आहे, दुसऱ्या गावी जाईल, दुसरं काम बघेल. मग तिला मॅव्हिसचा तो हात आठवला, खांद्यावरचा. धावपळीत, रक्तात, तेवढ्या गर्दीत त्या पोरीने थांबून बरोबर तोच प्रश्न विचारला होता.

"चहा," एनिड म्हणाली.

"काय?"

"त्याने चहा घेतला होता. इथे. दोन मग."

लेन तिच्याकडे बघत राहिला. त्याला खरंच कळलं नव्हतं. "मग? चहाचं काय?"

"तेच होतं पोटात."

"वेडी झालीस का? तो नुसता चहा होता."

"हो. मलाही तसंच वाटलं. म्हणून तर मी काही नाही म्हटलं."

लेनने दाराकडे पाहिलं, जे त्याने त्या दिवशी धरून ठेवलं होतं. ऑलिव्हच्या घशातून बारीकसा आवाज निघाला. मग सगळे एकाच वेळी टेबलाच्या टोकाकडे बघायचं टाळू लागले, आणि खोली एवढी लहान होती की दुसरीकडे बघायला जागा नव्हती.

सासूबाईंनी शेवटचा कप वाडग्यात रिकामा केला. तो बशीत नीट ठेवला.

"पहिला त्याने घेतला," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीचाच होता. "दुसरा त्याला नको होता. आई पुरे, म्हणाला. तोंड फिरवलं त्याने. मी म्हटलं, पी, बरं वाटेल. साखर घातली होती मी त्यात. वाया गेली असती." त्यांनी वाडगा बाजूला सारला. "लहानपणी औषध पाजायचे तसं नाक दाबलं नाही, एवढंच."

"आई, असं काही नाही," लेन म्हणाला. तो उठून त्यांच्यामागे जाऊन उभा राहिला, पण त्यांच्या खांद्याला हात लावायचा त्याला धीर झाला नाही. "हिला काय कळतंय? डॉक्टर आहे का ही? चहाने कुणी मरतं का? सगळं गाव मेलं असतं."

"डॉक्टर काय म्हणाला होता, लेन?"

"ते सोड."

"पोटात बरंच काही होतं, म्हणाला होता."

लेन एनिडकडे वळला. "झालं समाधान? आज पुरला आम्ही त्याला. आजच म्हातारीच्या छातीत सुरी घालायची होती?" मग त्याने आवाज खाली आणला, आणि तो खालचा आवाज जास्त वाईट होता. "हे या खोलीतून बाहेर जाणार नाही. ऐकतेस ना? सुझन कोणाच्या छपराखाली झोपलीय ते लक्षात ठेव."

"बरोबर आहे," एनॉककाका म्हणाले. "घरातलं घरात."

एनिडने ऑलिव्हकडे पाहिलं. मी आहे तुझ्या बाजूने, असं म्हणून अजून पुरते दोन तास झाले नव्हते.

ऑलिव्ह हुंदके देत होती. "मला वाटलं लेन चुकलाय एवढंच आहे," ती म्हणाली. "हे मला माहीत असतं तर मी बोललेच नसते. एनिड, नको सांगू गं. आईसाठी. मॅव्हिसचं काहीतरी करू आपण. तिला कारखान्यात घेऊ. माझ्या हाताखाली. चहादाण्यांवर फुलं रंगवायला शिकवीन मी तिला."

एनिडला कुणाचाच राग आला नाही. तिलाही तेच हवं होतं, सगळ्यांनी मिळून गप्प बसावं आणि विल्फ परत यावा. "मी उद्या सांगणार आहे," ती म्हणाली. "तुम्ही आम्हाला घराबाहेर काढलंत तरी."

"कोणी कोणाला काढत नाही," सासूबाई म्हणाल्या. "घर माझं आहे. लेन, माझी टोपी दे."

"कुठे निघालीस?"

"शेजारी."

"आई, आत्ता नको. उद्या बघू. आधी वकिलाला विचारू."

"टोपी दे, नाहीतर तशीच जाईन. मयताच्या दिवशी उघड्या डोक्याने गल्लीत."

लेनने टोपी दिली. तो मागल्या दारापर्यंत गेला आणि तिथे लहान पोरासारखा थांबला. एनिड सासूबाईंच्या मागोमाग परसात आली.

बाहेर भट्ट्यांचा धूर खाली उतरला होता, समोरची भिंतसुद्धा धड दिसत नव्हती. दोन परसांमधल्या फाटकाशी सासूबाई थांबल्या. तिथे कुणी ऐकणारं नव्हतं.

"तुला मी माफ केलंय असं समजू नकोस," त्या म्हणाल्या. "तुलाही तोंड होतं. तुझ्यासमोर पाजला मी."

"हो."

"तू चहा म्हणाली असतीस तर ते थांबले असते."

"हो, आई."

"मी त्याला दुसरा पाजला नसता तरी कदाचित..." त्यांनी फाटकाचा खांब धरला. एनिडने हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही, पण झिडकारलाही नाही. "मला कुणी सांगितलं का नाही?" त्या म्हणाल्या. "सत्तर वर्षांत कुणी तरी सांगायचं होतं. माझ्या आईने पाजला, तिच्या आईने पाजला. खाणीतून माणसं काढली तेव्हा आम्ही रांगेने उभ्या राहून पाजला."

सासूबाईंनीच फाटक उघडलं.

शेरटांच्या मागल्या दारावर कुणी टकटक करत नसे. कडी काढून आत जायचं आणि हाक मारायची, अशीच रीत होती. सासूबाईंनी आज टकटक केली. आतून बराच वेळ कुणी आलं नाही. मग मिसेस शेरटनी दार उघडलं. पाहुणी कोण आहे ते पाहिलं आणि बाजूला झाल्या. स्वयंपाकघरात चूल पेटलेली होती, वर किटली सळसळत होती. मॅव्हिस टेबलाशी बसली होती. आठवड्यात तिचा चेहरा निम्मा झाला होता. एनिडला पाहून ती उठायला लागली, मग पुन्हा बसली.

"बसणार नाही मी," सासूबाई म्हणाल्या, जरी कुणी बसा म्हटलं नव्हतं. "सांगायला आलेय. विल्फला मी चहा पाजला होता, इस्पितळात न्यायच्या आधी. दोन मग. मॅव्हिसने विचारलं तेव्हा एनिडने काही नाही सांगितलं, कारण आम्ही ते धरलंच नाही. पोरीची काही चूक नाही. उद्या टाउन हॉलमध्ये मी हे माझ्या तोंडाने सांगेन. आणि आठवडाभर माझ्या घरातून तिच्याबद्दल जे बोललं गेलं, ते मी ऐकून घेतलं. थांबवलं नाही."

"मी पण थांबवलं नाही," एनिड म्हणाली. "मला आठवलं होतं. तरी नाही."

मॅव्हिसने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. ती रडते आहे की सुटकेचा श्वास घेते आहे ते कळेना. मग तिने हात काढले, एनिडकडे पाहिलं, सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंचा चेहरा राखेसारखा झाला होता, आणि त्या टेबलाच्या कडेला बोटं टेकून कशाबशा उभ्या होत्या. मॅव्हिस नर्स होती, आणि त्याच्याही आधी याच गल्लीतली होती. ती उठली. फळीखालच्या खुंट्यांवरून तिने दोन कप काढले.

मिसेस शेरट चुलीकडे गेल्या. फडक्याने धरून त्यांनी किटली उचलली. ती पुरती उकळली होती, झाकण उडत होतं. त्यांनी ती विस्तवावरून काढून बाजूच्या फरशीवर ठेवली, आणि तिचा आवाज बंद होईपर्यंत तिच्याकडे बघत उभ्या राहिल्या.

"उद्या तिथे हेच बोला, मिसेस कार्टलिज," त्या म्हणाल्या. तीस वर्षं त्या सासूबाईंना सेलिना म्हणत आल्या होत्या. "जाताना दार ओढून घ्या. थंडी आत येतेय."

"आई, त्यांना बघ तरी," मॅव्हिस हळूच म्हणाली.

"ठेव ते कप."

मॅव्हिसने एकेक करून दोन्ही कप परत खुंटीला अडकवले.